त्र्याण्णव सालचा उद्रेक

“केरबा, नाच!” मॅडम ओरडल्या.

मी कसला नाचतोय! माझे पाय घोट्यापर्यंत काळ्या राखेत रुतले होते. समोर डॉ. मालिनी टिपणीस, वय वर्षं अठ्ठावन्न. व्हरांड्यात त्यांची चाहूल लागली की आमच्या ऑफिसातले भले भले साहेब पेटती सिगारेट मुठीत दाबायचे. त्या बाई डोक्यावरची टोपी हवेत उडवत होत्या. एकदा झेलली, दुसऱ्यांदा हुकली, आणि ती उचलायचंही भान त्यांना राहिलं नाही.

“अरे, बघतोस काय असा? सापडला! तेवीस वर्षं मी याला शोधतेय आणि हा लेकाचा इथे, तुझ्या पाठीमागे!”

पाठीमागे म्हणजे अगदी पाठीमागे. पावसानं कापलेल्या घळीच्या भिंतीला पाठ लावून मी उभा होतो, दोन्ही हात पसरून, तोंड कसनुसं करून.

“तू आधी पाहिलास आणि माझी गंमत करायला आडवा उभा राहिलास. होय ना?”

मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. मॅडमनी होय धरलं आणि मला हातानं बाजूला सारून त्या भिंतीशी उकिडव्या बसल्या.

अठ्ठ्याण्णवचा जानेवारी होता. जागा, बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं सात-आठ तास, अंदमानच्या समुद्रात एकटं पडलेलं. आपल्या देशातला एकुलता एक जागता ज्वालामुखी तिथं आहे. राखेवर लाव्हा, लाव्ह्यावर राख असं थरावर थर चढून झालेला डोंगर, आणि त्याच्या पोटात मधोमध धूर सोडणारा शंकू. माणूस राहत नाही. राहतात ती रानबकरी, आणि ती कुणालाच विचारून राहत नाहीत.

मी मूळचा कागलकडचा, केरबा पोवार. लष्करातून सुटलेला माझा मामा पोर्ट ब्लेअरला राहिला, त्याच्या मागोमाग मी गेलो, आणि दगडमातीचा अभ्यास करणाऱ्या एका खात्यात रोजंदारीवर लागलो. पोती उचलायची, खड्डे खणायचे, नमुन्यांवर चिठ्ठ्या बांधायच्या. आठ वर्षं मी मॅडमच्या हाताखाली होतो. मला कायम करा म्हणून त्यांनी लिहिलेलं पत्र त्या वेळी त्यांच्या पिशवीत होतं. पोर्ट ब्लेअरला पोचलं की त्यावर सही आणि शिक्का व्हायचा होता. घरी बायकोनं पेढेवाल्याला सांगूनसुद्धा ठेवलं होतं.

मॅडम ठाण्याच्या. त्यांच्याकडे एक जाड हिरवी वही होती आणि वहीत एक तक्ता होता. या डोंगरानं कधी कधी तोंड उघडलं त्याचा. सतराशे सत्त्याऐंशीला जाताजाता एका जहाजानं धूर बघितला, ती पहिली ओळ. मग एकोणनव्वद, मग पंचाण्णव, मग अठराशे तीन-चार, मग बावन्न. आणि मग एकदम एकोणीसशे एक्याण्णव, आणि त्यानंतर चौऱ्याण्णव-पंचाण्णव. बावन्न आणि एक्याण्णव यांच्यामध्ये मॅडमनी एक ओळ रिकामी सोडली होती.

“एकशे एकोणचाळीस वर्षं गप्प?” त्या म्हणायच्या. “माझ्या सासूबाई सलग चार तास गप्प बसल्याचं मला आठवत नाही. हा तर डोंगर आहे. मध्ये कधीतरी बोलला असणार. ऐकायला कुणी नव्हतं, एवढंच.”

कलकत्त्याचे एक मोठे साहेब होते, या विषयातलं बडं प्रस्थ. त्यांनी एकदा भर सभेत मॅडमना सांगितलं होतं, “बाई, डोंगर झोपलाय, तुम्हीपण झोपा.” सगळी सभा हसली. मॅडमही हसल्या म्हणे. पण ती रिकामी ओळ त्यांनी त्या दिवसापासून लाल शाईनं आखली. एप्रिलअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या, निरोपाचं भाषण ठरलं होतं, आणि ते साहेब अध्यक्ष होते. बेटावरची ही त्यांची शेवटची फेरी होती. त्या शेवटच्या फेरीत, शेवटच्या सकाळी, बोट सुटायला दीड तास उरलेला असताना भिंतीत कोळशाचा थर निघाला.

आणि तो थर मी केलेला होता.

आता कपाळाला हात लावू नका, सांगतो. त्र्याण्णवचा फेब्रुवारी. तेव्हाही आम्ही याच उतारावर काम करत होतो. मॅडमचे कायदे कडक. बेटावर चूल पेटवायची नाही, विडीसुद्धा बोटीवर जाऊन ओढायची. आपला कोळसा कुठला आणि डोंगरानं जाळलेल्या झाडाचा कोळसा कुठला, हे उद्या येणाऱ्या माणसानं कसं ओळखायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून स्वयंपाक सगळा बोटीवर. शिवाय खड्डा खणला की शेवटी निघालेली माती आधी आत घालायची, मग त्याच्या वरची, मग त्याच्या वरची. ज्या थरातली माती त्या थरात. पाणी शिंपडायचं, थापीनं दाबायची, वरून हात फिरवायचा. “डोंगरानं लिहिलेलं पान आपण फाडलं, तर निदान नीट चिकटवून ठेवावं,” म्हणायच्या. आणि बकऱ्यांना हात लावायचा नाही. हा मात्र मला कायदा वाटला नव्हता, बाईंची हौस वाटली होती.

त्यात एक बोकड आमच्या मागे लागला. काळा, दाढीवाला, डोळ्यांत निव्वळ उर्मटपणा. मी नमुन्यांच्या पिशव्यांना चिठ्ठ्या बांधायचो, तो खायचा. चार दिवसांची मेहनत त्यानं चावून गिळली आणि मॅडमच्या शिव्या मी खाल्ल्या. पाचव्या दिवशी मॅडम दुसऱ्या टोकाला गेल्या, संध्याकाळशिवाय परतणार नव्हत्या. तेवढ्यात त्या बोकडाचा पाय मोडला. खरंच मोडला. म्हणजे पकडल्यावर मोडला.

बोटीवरचा आचारी बाळा तोडणकर. मालवणचा माणूस, रोज डाळ-भात रांधून कंटाळलेला. त्यानं बोटीवरून मसाल्याचा डबा आणि सुकं खोबरं आणलं. बोटीवर रांधलं असतं तर वास आठ दिवस हटला नसता, म्हणून मी उतारावर हातभर खोल खड्डा घेतला आणि आत चूल मांडली. बोटीवरचे आणखी दोघे आले. चौघांनी मिळून काय जेवण केलं महाराज! लाव्ह्याच्या दगडावर नळ्या फोडल्या. मग भानावर आलो आणि हाडं-कोळसे खाली दाबून खड्डा बुजवला. कसा बुजवला? जसा मॅडमनी शिकवला तसा. सगळ्यात आधी खालची पिवळी वाळू, तिच्यावर जुनी तपकिरी माती, तिच्यावर एक्याण्णवची करडी राख. पाणी, थापी, हात. घाई होती, भीती होती, पण चुकीच्या क्रमानं माती घालायला हात तयारच नव्हते. पुढं चौऱ्याण्णव-पंचाण्णवला डोंगर पुन्हा फुटला आणि त्यानं वरून काळी राख ओतून माझं काम पक्कं करून दिलं.

पाच वर्षांनी पावसानं तिथूनच घळ कापली. बरोबर तिथून. एवढं मोठं बेट पडलंय, पण नाही.

“बघ, केरबा,” मॅडम भिंतीवरून बोट फिरवत होत्या. “ही पंचाण्णवची काळी. ही एक्याण्णवची, अखंड. ही जुनी माती, अखंड. ही पिवळी वाळू. आणि तिच्याखाली हा! म्हणजे एक्याण्णवच्या कितीतरी आधीचा आणि बावन्नच्या नंतरचा. झाडं जळली रे इथे. गरम राख आली आणि सगळं जळून गेलं.”

“मॅडम, एखादा कोळी आला असेल,” मी चाचरत म्हटलं. “चूल बिल मांडली असेल.”

“आणि वरचे तीन थर जसेच्या तसे परत घालून गेला? कोळी आहे की तू आहेस?”

मी खोकलो.

मग त्यांना हाड सापडलं. खुरप्याच्या टोकानं हळूच मोकळं करून त्यांनी ते तळव्यावर घेतलं. “बकरी! बिचारी पळायला निघाली असेल. आणि हे बघ, उभं तडकलंय. केवढी उष्णता असेल!”

ती नळी होती. मीच फोडली होती. आतला मगज कुणाच्या वाट्याला यायचा यावरून माझी आणि तोडणकरची तेव्हा खडाजंगी झाली होती.

मी वाट बघत होतो, आता त्या थराच्या खाली खुरपं घालतील. नेहमी घालायच्या. खाली काय आहे ते बघितल्याशिवाय वरच्याबद्दल बोलायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं. त्या दिवशी त्यांचं खुरपं कोळशाच्या खालच्या कडेशी आलं, टेकलं, क्षणभर थांबलं आणि परत वर गेलं. भराभरा त्यांनी पत्र्याची पेटी भरली, फोटो काढले. बोटीच्या तांडेलानं भोंगा वाजवला आणि आम्ही होडीत चढलो.

बोटीवर येताच मी तोडणकरला स्वयंपाकाच्या खोलीत गाठलं. सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता, तो तसाच हातात धरून राहिला.

“आपलो बोकड?”

“आपलाच.”

“बाईंका सापडलो?”

“सापडला. त्याचा आता इतिहास होतोय.”

तोडणकर आधी हसला. हसता हसता खाली बसला, डोळ्यांतनं पाणी काढलं, आणि मग एकदम गंभीर झाला. “गप रव, केरबा. बाई खूश आसत. तू कित्याक इस्कटतंस?”

“आरं, पण भाषण हाय त्यांचं! त्यो कलकत्त्याचा साहेब समोर बसणार. उद्या कुणी कोळसा तपासला, तर पाच वर्षांचा निघंल. बाईंचं नाव जाईल.”

“आणि तू सांगलंस तर तुझी नोकरी जायत. आणि माझीव. पेटी पाण्यात पडली तर?” त्यानं कांद्यावर सुरी आपटली. “बोट हलता. वस्तू पडतत.”

मला ते एकदम पटलं. पेटी गेली की पुरावा गेला. मॅडम हळहळतील, पण तोंडघशी तर पडणार नाहीत. मी वर आलो. बघतो तर मॅडम पेटीवरच बसलेल्या. मांडीवर डबा, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी.

“मॅडम, इथं ऊन आहे. तिकडं सावलीत बसा.”

“नको रे. इथेच बरं वाटतंय.”

“मग पेटी तरी आत नेऊन ठेवतो. पाणी उडेल.”

“तू बस. आठ वर्षं नुसता उचलतोयस. आज बस.” त्यांनी पेटीवर जरा सरकून मला जागा केली. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. मी टेकलो. बूड पेटीवर आणि पेटीत बोकड.

मॅडमनी हिरवी वही उघडली. तो तक्ता, ती लाल आखलेली ओळ. पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. “पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर लिहीन. आधी कलकत्त्याला फोन. त्यांना म्हणेन, साहेब, मी झोपले नाही.” त्या समुद्राकडे बघत राहिल्या. “माझे मिस्टर गेले तेव्हाही मी बेटावर होते, तुला माहीत आहे? लोक म्हणाले, दगडांसाठी बाई घर विसरली. मी काही बोलले नाही. पण मनात म्हणत होते, एक दिवस ही ओळ भरेल आणि मग सांगेन सगळ्यांना.”

मी मान खाली घालून बसलो.

“आणि ऐक. थराला नाव द्यावं लागतं. मी ठरवलंय. पोवार थर.”

“अं?”

“तू आधी पाहिलास ना? मग तुझंच नाव. पुस्तकात छापून येईल. तुझ्या मुलांना दाखवशील.”

बास. तिथं माझा बांध फुटला. नोकरी जाऊ दे, पेढे जाऊ देत, पण त्या बोकडाला माझं आडनाव लागून तो पुस्तकात जायला निघाला होता, आणि ही बाई आयुष्यात पहिल्यांदा मला शेजारी बसवून डब्यातली भाजी पुढं करत होती.

“मॅडम, तो उद्रेक नाही.”

“मग काय आहे?”

“बोकड आहे.”

“बोकड आहेच. हाड मीच तर काढलं.”

“तसा नाही. रश्श्याचा.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग कपाळाला हात लावून बघितला. “ऊन लागलंय तुला. तोडणकर! याला लिंबाचं सरबत द्या बरं.”

तोडणकर सरबत घेऊन आला आणि माझं तोंड बघून तिथंच उभा राहिला. मग मी सगळं ओकलो. चिठ्ठ्या खाणारा बोकड, मोडलेला पाय, मसाल्याचा डबा, फोडलेल्या नळ्या. मॅडम ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. नाही, नाही, नाही.

“अशक्य. एक्याण्णवची राख अखंड होती. मी स्वतः पाहिली.”

“मी घातली, मॅडम.”

“पिवळी वाळू?”

“आधी ती. मग तपकिरी. मग करडी. तुम्हीच शिकवलं तसं. दोन डबे पाणी शिंपडलं आणि थापीनं दाबली.”

“किती वेळ लागला बुजवायला?”

“दीड तास. खायला अर्धाच लागला होता.”

मॅडमनी हातातली पोळी डब्यात ठेवली. बोटीचं इंजिन धडधडत होतं. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, “नाणं?”

कायद्यांतला एक कायदा मी मघाशी तुम्हाला मुद्दामच सांगितला नव्हता. खड्डा बुजवायच्या आधी तळाशी त्या सालचं नाणं ठेवायचं. चार आण्याचं चालतं. पुढं कुणी खणलं, तर नाणं बघून त्याला कळावं की इथं आपल्या आधी माणूस हात लावून गेलाय, हे डोंगराचं अक्षर नाही. मॅडमच्या प्रत्येक खड्ड्यात असं नाणं होतं. माझ्या खिशात त्यासाठी कायम चिल्लर असायची.

“ठेवलंय, मॅडम. कोळशाच्या खाली. सवयीनं ठेवलं.”

“कुठल्या सालचं?”

“ब्याण्णवचं. त्र्याण्णवचं अजून हातात आलं नव्हतं. फेब्रुवारीच होता ना.”

मॅडम पेटीवरून उठल्या. डबा बंद केला. मग अशा काही ओरडल्या की तांडेल दचकून बाहेर आला. “बोट फिरवा!”

“बाई, वारं उलटं आहे, डिझेल...”

“फिरवा म्हणते ना!”

दीड तास आलेलो, तो दीड तास परत. त्या सगळ्या वेळात मॅडम नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. तोडणकरनं मला कोपरखळी मारून विचारलं, “काय करतली? आमका थंयच सोडून येतली?” मला वाटलं, सोडलं तर बरंच. बोकड आहेत तिथं, सोबत होईल.

होडी दगडाला लागताच मॅडम कुणाचा हात न धरता उतरल्या. मी कुदळ घेऊन धावलो, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून बाजूला टाकली. घळीच्या भिंतीशी गुडघे टेकले, बाही वर केली आणि कोळशाच्या खाली नुसता हात घातला. कोपरापर्यंत. चाचपलं. आणि चेहरा हळूहळू बदलला.

मूठ बाहेर आली. उघडली. राखेनं काळवंडलेले चार आणे. त्यांनी अंगठ्यानं पुसलं, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्यांशी नेलं. ब्याण्णव.

त्या तशाच राखेत मांडी घालून बसल्या. मला वाटलं, आता रडतील. मी रडायच्या बेतात होतोच. म्हटलं, “मॅडम, चुकलो. पत्र फाडून टाका. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण...”

“गप्प बस जरा.” त्या नाणं उलटसुलट करत होत्या. मग म्हणाल्या, “सकाळी माझं खुरपं इथे थांबलं होतं. तू पाहिलंस?”

“पाहिलं.”

“मी खाली बघितलं नाही, केरबा. राहून गेलं असं नाही. बघितलं नाही. एवढासा थर, हातभर रुंद, दोन्हीकडे पुढे जात नाही, हे काय मला दिसत नव्हतं? पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसलं असतं. मला भीती वाटली. खाली नाणं असलं तर, म्हणून.” त्यांनी नाक पुसलं, तशी राखेची मिशी उमटली. “तू चोरी केलीस, तरी नाणं ठेवलंस. आणि मी, ज्या मी तुला शिकवलं, तीच मी हात घालायला कचरले.”

मला खूप वाईट वाटत होतं, आणि त्या मिशीमुळं हसूही येत होतं. मॅडमनी ते बघितलं. आणि त्याच हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग पोट धरून, मग राखेत मागे हात टेकून आकाशाकडे बघत, खो खो. वरच्या कड्यावर एक दाढीवाला येऊन आमच्याकडे टक लावून बघत होता. त्याला बघून तर त्या आणखी हसल्या.

दम खाऊन त्यांनी विचारलं, “खोबरं भाजून घेतलं होतं की कच्चंच वाटलं?”

“भाजून. तोडणकरनं.”

“कांदा?”

“निखाऱ्यावर, सालीसकट.”

“आणि मी त्या दिवशी बोटीवर येऊन डाळ-भात खाल्ला.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की तसं रागावतानाही कधी बघितलं नव्हतं. “कायस्थाची मुलगी आहे मी, केरबा. माफ करीन, पण हे विसरणार नाही.”

पत्र फाटलं नाही. पोर्ट ब्लेअरला उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, की घाईत, भीतीत आणि भरल्या पोटी इतका नीट खड्डा बुजवणारा माणूस खात्याला पुन्हा मिळायचा नाही. बकऱ्याला हात लावल्याबद्दल मात्र मला आणि तोडणकरला वर्षभर सगळ्या बोटीची भांडी घासायला लावली, आणि निवृत्त झाल्यावरही अधूनमधून फोन करून भांडी घासतोस ना म्हणून विचारायच्या.

निरोपाच्या भाषणाला मी शेवटच्या रांगेत, दाराशी. कलकत्त्याचे साहेब मधोमध. मॅडमनी पडद्यावर तक्ता टाकला. सगळ्या ओळी, आणि ती एक रिकामी. मग पर्समधून चार आणे काढून त्यांनी प्रोजेक्टरच्या काचेवर, बरोबर त्या रिकाम्या ओळीवर ठेवले. पडद्यावर थाळीएवढा काळा गोळा उमटला. आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली, स्वतःच्या थांबलेल्या खुरप्यासकट. फक्त माझं नाव तेवढं घेतलं नाही. सभा हसून हसून लोळायची बाकी राहिली. साहेब तर टेबलावर हात आपटत होते.

“हसा,” मॅडम म्हणाल्या. “पण ओळ मी खोडणार नाही. माझ्यानंतर येणारा भरेल, नाहीतर तशीच ठेवेल. एवढंच सांगते, लिहिण्याआधी त्यानं खाली हात घालून बघावा.”

साहेबांचं हसू हळूहळू थांबलं. टाळ्या वाजवायला पहिले तेच उठले.

त्या संध्याकाळी तोडणकरनं बाजारातला बोकड आणून रांधला, खोबरं भाजून. मॅडमनी दोनदा रस्सा मागितला, नळी स्वतः फोडली आणि जाताना ती हिरवी वही माझ्या हातात ठेवली. आज त्याला कितीतरी वर्षं झाली. मॅडम आता नाहीत. मीही पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. दोन हजार पाचपासून डोंगर पुन्हा जागा आहे, त्याच्या ओळी मी भरल्यात. बावन्न आणि एक्याण्णवच्या मधली लाल ओळ मात्र अजून रिकामीच आहे. तीनदा कोळसा सापडला, तीनदा मी खाली हात घातला. वही आता आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलीला देणार आहे. तिला ती काल चाळायला दिली, तर एक्याण्णवच्या खाली बोट ठेवून ती मला विचारायला लागली, की सर, हा कुठला उद्रेक, हा तर कुठल्याच पुस्तकात नाही.

मॅडमच्या अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलेलं आहे ते:

‘१९९३, फेब्रुवारी. अतिशय लहान. कालावधी दोन तास. जीवितहानी, बोकड एक. साक्षीदार चार. त्यांतला एक खरं बोलला.’

आणि त्याच्या खाली, आणखी बारीक अक्षरात: ‘मला बोलावलं नाही.’